गारेचं पीठ

धान्य दळायची गिरणी असते तशी दगड दळायचीही असते, हे मला लग्न झाल्यावर कळलं. सोयरीक जमवताना मध्यस्थाने एवढंच सांगितलं होतं, "पोरगा गिरणीत हाय, मुंबईकडं." माझ्या वडिलांना वाटलं कापडाची गिरणी, आईला वाटलं पिठाची. दोघंही आपापल्या समजुतीत खूश होते. मला कोणी काही विचारलंच नाही.

पुढे मोकळेपणी बोलायला लागलो तेव्हा ह्यांनी सांगितलं की ती गारेची गिरणी आहे. गार म्हणजे ती पांढरी गारगोटी, जी एकमेकींवर घासून आम्ही लहानपणी ठिणग्या पाडायचो. ती ट्रकने यायची, यंत्रात भरडली जायची, मग दळून, चाळून तिचं मैद्यासारखं पीठ व्हायचं. ते पीठ काचेच्या आणि चिनी मातीच्या कारखान्यांना जायचं. हे त्या पिठाच्या गोण्या भरायचे.

"आन् त्या पिठाच्या भाकरी केल्या तर?" मी विचारलं.

"तुला जमतील की. तुझ्या भाकरी तशाच असत्यात," हे म्हणाले.

मी दोन दिवस बोलले नाही. पण मनातून मला हा माणूस आवडला, हेही सांगून टाकते.

आमचं गाव पाथर्डीच्या अंगाला. दसरा झाला की अर्धं गाव बैलगाड्या जुंपून ऊस तोडायला कारखान्यांवर जायचं. ह्यांना कोयता नको होता. गिरणीत डोक्यावर पत्रा होता, काम बारमाही होतं, म्हणून गावातली माणसं ह्यांना नशीबवान म्हणायची. दिवाळीला आणि जत्रेला हे घरी यायचे. येताना पत्र्याची पेटी, मला पातळ, त्यांच्या आईला चष्म्याची नवी दोरी असं काहीबाही आणायचे. ह्यांचे कपडे धुताना पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. कानांच्या मागे, भुवयांत, नखांत ते पीठ असायचं. मी हसायचे, आणि तेही हसायचे. त्यात काही वाईट आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आमच्या डोक्यात येण्याचं काही कारणही नव्हतं. पीठच तर होतं.

मग एका उन्हाळ्यात हे आले ते परत गेलेच नाहीत. एसटी थांबते तिथून आमचं घर जवळ होतं, पण तेवढं अंतर यायला ह्यांना वाटेतल्या प्रत्येक झाडाखाली बसावं लागलं. अंगावर मांस राहिलं नव्हतं. खोकला कोरडा, आणि दोन वाक्यं बोलली की धाप.

घरात मी आणि सासूबाई दोघीच. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, आमच्याकडे तीच रीत. आत्याबाई अंगाने बारीक आणि आवाजाने दणदणीत होत्या. पण ह्यांचा खोकला ऐकला त्या सकाळी त्यांचा आवाजच गेला. त्या विळा घेऊन उठल्या आणि घरामागच्या वावराच्या कडेला गेल्या. तिथे एक छप्पर होतं, पूर्वी त्यात कडबा ठेवायचे. त्या वर्षी कडबा नव्हताच. संध्याकाळपर्यंत त्यांनी ते साफ केलं, जमीन सारवली, बाज टाकली आणि एक थाळी, एक तांब्या, एक वाटी वेगळी काढली. मला म्हणाल्या, "त्यो रोग हाय. नाव घेऊ नको."

नाव क्षयाचं. ते त्या घेत नसत, कारण त्या नावाने त्यांच्या घरातली दोन माणसं नेली होती. आधी माझे सासरे, आणि त्यांच्या मागोमाग ह्यांची मोठी बहीण, जिला मी पाहिलेलं नाही. तेव्हा आत्याबाईंनी कुणालाच वेगळं केलं नव्हतं. सगळी एका ताटात जेवली, एका वाकळेत झोपली. लेक गेली ती आपल्या चुकीने, हे त्यांनी मनात पक्कं धरलं होतं. ती चूक त्या पुन्हा करणार नव्हत्या. मला हे तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणून राग कमी येत होता असं मात्र नाही.

घर आणि छप्पर यांच्या मध्ये एक बाभळ होती आणि तिच्या बुडाशी एक दगड. मी भाकरी त्या दगडावर ठेवायची आणि मागे यायचं. मग ह्यांनी यायचं, भाकरी उचलायची, छपरात जाऊन खायची. मी बाभळीच्या पुढे एक पाऊल टाकलं की हेच हात वर करायचे. "मागं सर. आयेचं बराबर हाय," म्हणायचे. आईने घातलेला नियम आईपेक्षा जास्त ह्यांनी पाळला.

नवरा-बायकोचं बोलणं ओरडून करता येत नाही. ओरडून फक्त "जेवला का?" आणि "जेवलो" एवढंच होतं. बाकीचं बोलणं साठत गेलं. काही दिवसांनी ते साठायचंही बंद झालं आणि मी मुकाट्याने भाकरी ठेवून परत यायला लागले. आम्हाला मूल नव्हतं. घरात आत्याबाई होत्या, पण त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ह्यांच्याबद्दल बोलायचं, आणि ते दोघींनाही नको होतं.

पाथर्डीच्या दवाखान्यात ह्यांना सुया टोचायला सुरुवात झाली. एक दिवसाआड एसटीने किंवा कुणाच्या जीपच्या मागे बसून जायचं. आधी हात देऊन वर ओढून घेणारे जीपवाले नंतर तोंड फिरवायला लागले, कारण गावभर झालं होतं. सुया चालू होत्या आणि माणूस वाळत चालला होता.

त्यातच बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्याकडे पाऊस नेहमीच हात राखून पडतो, त्या वर्षी त्याने हातच आखडला. विहिरी तळाला गेल्या. सरकारने खडी फोडायची कामं काढली आणि गावची बायामाणसं टोळ्या करून माळावर बसू लागली. मीही गेले. टोळीत बायका गोल करून बसत, एकमेकींशी बोलत हातोडी मारत. मी गेले की गोल थोडा सरकायचा. कुणी काही वाईट बोललं नाही, पण माझा ढीग हळूहळू टोळीच्या शेवटाला गेला, मग शेवटाच्याही पलीकडे. पाण्याचा डेरा एकच होता. मला ओंजळीत वरून पाणी वाढायच्या. सरकारकडून खायला यायची ती सुकडी वाटताना माझी वाटी खाली ठेवायला सांगायच्या. दिवसभर हातोडीचा आवाज आणि माझाच श्वास. बाईमाणसाला गप्प बसवायचं असेल तर तिला बाकीच्यांचं बोलणं नुसतं ऐकू येईल इतक्या अंतरावर बसवावं.

एकदा पाथर्डीच्या कंपाउंडरने ह्यांना बघून सांगितलं, "नगरला जा बाबा. छातीचा फोटो काढ. सुई लागू पडंना तुला." आत्याबाई नको म्हणाल्या. मी ऐकलं नाही. भांडून निघाले.

करंजीचा घाट चढताना एसटीलाही धाप लागली होती. हे खिडकीशी बसले होते आणि मी, नियम होता म्हणून, दोन बाकडी मागे. पाठमोरे खांदे श्वासागणिक वर-खाली होताना बघत मी नगरला पोचले.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो खिडकीकडे धरून बघितला. मग ह्यांना विचारलं, "काम काय करत होतात?" हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. ह्यांनी गिरणीचं सांगितलं, पीठ सांगितलं, गोण्या सांगितल्या. डॉक्टर ऐकत राहिले. म्हणाले, "हा क्षय नाही. दगडाची धूळ आहे ही. श्वासाबरोबर आत गेली आणि फुफ्फुसात रुतून बसली. हा रोग कुणाचा कुणाला लागत नाही. सुया बंद करा."

"मंग औषध?" मी विचारलं.

"रुतलेली धूळ काढायचं औषध नाही बाई. घरी न्या. धुळीपासून लांब ठेवा. पोटभर खाऊ घाला."

दुष्काळात पोटभर. आणि माळभर धूळ उडत असताना धुळीपासून लांब. डॉक्टर भला माणूस होता, त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. खरं सांगायचं तर मी चिडलेच नव्हते. औषध नाही हे मी ऐकलं, पण माझ्या कानात पहिलंच वाक्य वाजत होतं. लागत नाही. मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली.

एसटी स्टँडवर मी एक चहा सांगितला. एकच. अर्धा बशीत ओतून ह्यांच्यापुढे ठेवला आणि कप मी घेतला. मग माझा कप त्यांना दिला आणि त्यांची बशी ओढून घेतली. हे बावरून इकडेतिकडे बघायला लागले.

"आगं, उष्टं हाय."

"व्हय, ठावं हाय," मी म्हटलं आणि बशी तोंडाला लावली. येताना मी ह्यांच्या शेजारी बसले. घाटात ह्यांचा डोळा लागला आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. किती हलकं झालं होतं ते डोकं.

घरी आल्यावर मी अंगणातूनच ओरडत सांगितलं, "आत्याबाई, त्यो रोग न्हाई! लागत न्हाई! घरात घ्या त्यांना!"

आत्याबाई ओट्यावर उभ्या राहिल्या. सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "सुई?"

"बंद केली. गरजच न्हाई म्हनले."

"आन् दुसरं काय म्हनले?"

"घरी न्या. पोटभर खाऊ घाला."

त्या म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याची सुई बी अशीच बंद केल्ती. घरी न्या म्हनले. खाऊ घाला म्हनले. सुई कवा बंद करत्यात ते मला नको सांगू पोरी." आणि त्या आत निघून गेल्या.

मी किती समजावलं, त्याला हिशेब नाही. फोटो दाखवला. धूळ कशी बसते ते सांगितलं. शेवटी वाट्टेल ते बोलले. "तुमी आई हायेत का कोन?" असंही म्हणून झालं. त्या जागच्या हलल्या नाहीत. डॉक्टर मरणाऱ्याच्या बायकोला गोड बोलतात, हे त्यांनी एकदा स्वतः बायको होऊन पाहिलेलं होतं. मग मी माझी वाकळ उचलली आणि बाभळ ओलांडून छपरात राहायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाभळीखालच्या दगडावर भाकरी होती आणि शेजारी दुसरी वेगळी थाळी. माझी. आता मीही पलीकडची झाले होते. तीन माणसांचं घर आणि मध्ये झाड. संध्याकाळी त्या एकट्या ओट्यावर बसलेल्या दिसायच्या, तोंड आमच्याकडे करून. मी मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून बसायचे.

मला वाटलं होतं, जवळ गेलं की बोलणं परत सुरू होईल. झालंही थोडे दिवस. पण ह्यांना बोलायला श्वास पुरत नव्हता. एक शब्द, मग विश्रांती, मग दुसरा शब्द. मी मधलं मनाने भरून घ्यायचे. मी खडीवरून आले की मात्र हे होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडायचे, "पदर झटक. तिकडं. लांब जाऊन. उद्या तोंडाला फडकं बांध." माझ्या केसांत माळाची धूळ असायची. ती बघून ह्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मला संताप.

"मंग खायाचं काय? गार?" मी एकदा म्हटलं. ह्यांना हसू आलं आणि त्या हसण्याने अशी धाप लागली की मी पुन्हा कधी हसवलं नाही. थट्टेखोर माणसाशी थट्टा करायची सोयही राहिली नाही.

थंडी सरत आली तेव्हा ह्यांना आडवं होता येईना. आडवं झालं की गुदमरायचं. बाजेवर गोधड्यांची उतरंड रचून तिला टेकवून मी त्यांना बसवून ठेवायचे आणि कामावर जायचे, कारण गेले नाही तर चूल बंद. तिथे हातोडी मारताना मनात एकच चालायचं, की आत्ता गोधड्या सरकल्या असतील, आत्ता हे एका बाजूला कलंडले असतील. आणि आई हाकेच्या अंतरावर बसून बघत असेल. त्या विचाराने माझी हातोडी जोरात पडायची. इतका राग मी आयुष्यात दुसऱ्या कुणाचा केला नाही.

एक दिवस पुढचा खडक फोडायला सुरुंग लावायचे म्हणून मुकादमाने दुपारीच सगळ्यांना घरी पाठवलं. मी छपराजवळ आले तर आतून बोलणं ऐकू आलं. कुडाच्या फटीतून पाहिलं.

आत्याबाई बाजेवर होत्या. गोधड्या त्यांनी खाली टाकल्या होत्या आणि त्यांच्या जागी स्वतः बसल्या होत्या, पाय पसरून, लेकाची पाठ आपल्या छातीला टेकवून. दोन्ही हातांनी त्याला धरलं होतं. भाकरी दुधात कुस्करून त्या त्याला भरवत होत्या, आणि त्याच्या ओठांवरून ओघळलेलं स्वतःच्या पदराने पुसत होत्या. घरात दूध कुठून आणलं देव जाणे. त्या हे रोज करत होत्या, मी कामावर गेल्यावर. ते त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं, बाजेला आणि त्या दोघांना सवय झालेली होती.

"आये," हे म्हणाले. "पटलं म्हन. डॉक्टरचं."

"त्याला काय कळतंय? त्योच रोग हाय ह्यो. मला वळखू येत न्हाई व्हय?"

"मंग सरक. लागंल तुला."

"लागू दे की," त्या म्हणाल्या, आणि पुढचा घास त्याच्या तोंडाशी नेला.

मी बाहेरच थांबले. मला रडू आलं आणि हेवाही वाटला, दोन्ही एकदम. मी डॉक्टरांचा शब्द घेऊन ह्यांच्याजवळ गेले होते. त्या कुणाचाच शब्द न घेता गेल्या होत्या. आत जावं असं मला वाटेना. मी कुडाला टेकून उन्हातच बसले आणि नेहमीच्या वेळेला, जणू आत्ताच आले, अशी पदर झटकत आत गेले. तेव्हा त्या ओट्यावर होत्या आणि गोधड्या जागच्या जागी होत्या.

होळीच्या आत हे गेले. सकाळच्या वेळी, माझ्या हातांवर. मी हाक मारली तेव्हा आत्याबाई बाभळीपाशी थांबल्या नाहीत.

नंतर मी घरात परत आले. दुसरं जायचं कुठे? वर्ष पालटलं, बाजरी आली, माळावरची कामं बंद झाली. आम्ही दोघी एका छताखाली राहू लागलो, पण आत्याबाईंची थाळी वेगळीच राहिली. आता त्यांनी स्वतःला वेगळं काढलं होतं. लागणार याची त्यांना खात्री होती. ठसका लागला तरी त्या लक्ष देऊन ऐकायच्या. छप्पर मोडू देत नव्हत्या. मला सांगून ठेवलं होतं, "खोकला सुरू झाला की मला तिकडं टाक. तू मातर यायाचं न्हाई."

खोकला काही सुरू झाला नाही. ज्वारी झाली, जत्रा झाली, पुन्हा बाजरी आली. पोटाला अन्न मिळू लागलं तशी त्यांच्या अंगावर थोडी चरबीही चढली. माझ्याही. त्या माझ्याकडे बघायच्या, मग स्वतःच्या मनगटाकडे बघायच्या. त्या काय जुळवत होत्या ते मला कळत होतं.

एका सकाळी त्या चुलीपुढे पीठ मळत होत्या आणि मी ओट्यावर ज्वारी निवडत होते. त्यांचे हात थांबले.

"पोरी," त्या म्हणाल्या, "त्या डॉक्टरनं खरं सांगितलं हुतं व्हय गं? त्यो लागनारा न्हवता?"

हेच त्यांच्या तोंडून ऐकायला मी किती भांडले होते. 'व्हय' एवढाच शब्द म्हणायचा होता, तो माझ्या जिभेवर होता. पण तो शब्द म्हणजे काय हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. लागणारा नव्हता, तर त्यांनी आपल्या एकुलत्या लेकाला झाडापलीकडे ठेवलं ते कशासाठीच नव्हतं. त्याच्या शेवटच्या दिवसांतला बराचसा काळ त्यांनी त्याला हातही लावला नव्हता, तो उगाच. हे कळून त्या पुढे जगणार कशा?

"डॉक्टर काय बी म्हनत्यात," मी म्हटलं. "लागनारच हुता."

"मंग तू कशी ऱ्हायलीस? मी कशी ऱ्हायले?"

"समद्यांना न्हाई लागत, आत्याबाई. मामंजींचं तुमी सगळं केलं. तुमाला कुठं लागला हुता?"

मी सुपात खाली मान घालून खडे शोधत होते.

"व्हय," त्या बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ते बी खरंच हाय." आणि त्यांनी गोळा उचलून भाकरी थापायला घेतली.

मी सूप पाखडत राहिले. हे गेले होते, डॉक्टर लांब होते, आणि खरं काय होतं ते आता त्या घरात मला एकटीलाच ठाऊक होतं.